विजेचे इवले हात

विजेच्या सामर्थ्याचे वर्णन करू लागले म्हणजे बहुधा मोठमोठ्या गोष्टींचीच नावे पुढे येतात. घाट चढून जाणारी आगगाडी, कापडाच्या गिरणीतील शेकडो माग, विहिरीच्या तळातून पाणी उपसणारा पंप, ही विजेची थोरवी खरीच आहे. परंतु विजेचे दुसरेही एक रूप आहे आणि ते अगदी घरगुती, जवळजवळ अदृश्य असे आहे. मनगटावरील घड्याळाचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे टाकतो. पाहुण्याने कळ दाबताच दारावरची घंटी वाजते. खिशातला दूरध्वनी न बोलता नुसता थरथरतो. मुलाच्या खेळण्यातील मोटार दुरूनच केलेल्या खुणेसरशी डावीकडे वळते. या सर्व ठिकाणी कोठेतरी एक लहानसे साधन विजेचे रूपांतर हालचालीत करीत असते. अभियंते त्यास ‘ॲक्चुएटर’ म्हणतात. मराठीत त्यास ‘चालक’ म्हणावयास हरकत नाही. बोटाच्या पेराएवढा हा चालक आज कोणत्याही शाळकरी मुलाला बाजारात थोडक्या पैशांत मिळतो, आणि तो घरच्या टेबलावर त्याची कसलीतरी गंमत करून पाहतो. मात्र या इवल्या हातांमागे दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्यात एका माणसाच्या संसाराची राखरांगोळीही आहे, याची त्याला कल्पना नसते.

या इतिहासाचा आरंभ १८२० साली झाला. त्या वर्षी कोपनहेगन येथील ओर्स्टेड या प्राध्यापकाने असे दाखवून दिले की, तारेतून वीज वाहू लागली की जवळची होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते. वीज आणि चुंबकत्व यांचे काही नाते आहे, हे त्या सुईने जगाला सांगितले. पुढच्याच वर्षी, १८२१ च्या सप्टेंबरात, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे याने पाऱ्याच्या पेल्यात एक चुंबक उभा करून त्याभोवती टांगलेली तार विजेच्या योगाने गोल गोल फिरविली. विजेपासून अखंड फिरती गती मिळाल्याचा हा पहिला प्रसंग होय. विशेष हे की, या प्रयोगाची एक खिशात मावेल एवढी प्रतिकृती फॅरडेने तयार केली आणि ती युरोपातील आपल्या सहव्यवसायी शास्त्रज्ञांकडे पाठविली. पत्राने जे पटणार नाही ते डोळ्यांनी पटावे, हा त्यामागील हेतू. म्हणजे विजेचे पहिले चलित्र जन्मास आले ते लहान होऊनच.

या कामात पडलेली माणसेही ध्यानात घेण्याजोगी आहेत. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. त्याची उमेदवारी पुस्तकबांधणीच्या दुकानात गेली. ज्याने १८२५ च्या सुमारास पहिला उपयुक्त विद्युच्चुंबक करून दाखविला तो विल्यम स्टर्जन प्रथम जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली होता आणि नंतर लष्करात शिपाई होता. त्याने घोड्याच्या नालासारख्या वाकविलेल्या लोखंडी कांबीला रोगण फासले, तिच्यावर उघड्या तारेचे मोजके अठरा वेढे दिले, आणि सात औंसांच्या त्या लोखंडाकडून नऊ पौंड वजन उचलून दाखविले. वीज चालू असेतोपर्यंत चुंबक. बंद होताच नुसते लोखंड! हुकूम मिळताच पकडणारा आणि हुकूम मिळताच सोडणारा असा हात मनुष्याला प्रथमच मिळाला. हंगेरीत आन्योश येदलिक हा धर्मगुरू आणि अध्यापक याच सुमारास, १८२७-२८ मध्ये, विद्युच्चुंबकांच्या योगाने आपोआप फिरत राहणारी एक लहानशी रचना आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार करीत होता. ते दिवस मोठ्या प्रयोगशाळांचे नव्हते. टेबल, थोडी तार आणि चिकाटी एवढ्यावरच सारे चालले होते.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत, ऑल्बनी येथील शाळेत जोसेफ हेन्री हा गणिताचा शिक्षक होता. गरीब घरातला हा मुलगा लहानपणी घड्याळे व चांदीकाम करणाऱ्याच्या दुकानात शागीर्द म्हणून राहिलेला. स्टर्जनने लोखंडाला रोगण फासले होते. हेन्रीने तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले. बदल दिसावयास क्षुल्लक, परंतु त्याचा परिणाम फार मोठा झाला. वेष्टनामुळे तारेचे वेढे एकमेकांना चिकटून, थरावर थर असे देता येऊ लागले आणि चुंबकाचे बळ कित्येक पटींनी वाढले. १८३१ साली त्याच्या एका चुंबकाने साडेसातशे पौंड उचलले. त्याच वर्षी त्याने दोन लहान गोष्टी केल्या, आणि विजेच्या इवल्या हातांच्या इतिहासात त्यांचे मोल त्या साडेसातशे पौंडांहून अधिक आहे. त्याने एक मैलाहून लांब तार शाळेच्या दालनात खेळविली, तिच्या एका टोकाला घट आणि दुसऱ्या टोकाला विद्युच्चुंबक ठेविला. वीज सोडताच जवळची चुंबकाची पट्टी वळली आणि तिने घंटेवर ठोका दिला. दूरच्या माणसाच्या इच्छेने येथे हालचाल घडावी, ही कल्पना अशी प्रत्यक्षात आली. दुसरी गोष्ट म्हणजे तराजूच्या दांडीसारखी खालीवर झुलणारी विद्युच्चुंबकाची कांब. तिच्या दोन्ही टोकांच्या तारा खाली येताच घटांना टेकत, चुंबकाचे ध्रुव उलट होत, आणि कांब पुन्हा वर जाई. मिनिटाला सुमारे पंचाहत्तर हेलकावे ती घेई. हेन्रीने तिला शास्त्रीय खेळणे म्हटले. पुढेमागे तिचा उपयोग होऊ शकेल, एवढेच तो नम्रपणे म्हणाला.

ते खेळणे ज्याने खेळणे मानले नाही, असा एक मनुष्य लवकरच पुढे आला. व्हरमाँट संस्थानातील ब्रँडन या गावचा टॉमस डॅव्हनपोर्ट हा लोहार होता. शाळेचे शिक्षण बेताचेच, परंतु जिज्ञासा तीव्र. १८३३ साली क्राउन पॉइंट येथील लोखंडाच्या कारखान्यात, खनिज निवडण्यासाठी ठेवलेला हेन्रीच्या पद्धतीचा विद्युच्चुंबक त्याने पाहिला आणि त्याला जणू वेडच लागले. लोखंड विकत घेण्याकरिता आणलेले पैसे त्याने त्या चुंबकापायी घालविले. भावाचा घोडाही विकला. घरी येताच त्याने त्या महागड्या चुंबकाचे वेढे उलगडावयास सुरुवात केली. तो एकेक थर सोडवी आणि पत्नी एमिली तो कसा गुंडाळला होता याची टिपणे ठेवी. नवा चुंबक करावयाचा तर तारेला रेशमाचे वेष्टन हवे. गावच्या लोहाराच्या घरात रेशीम कोठले? तेव्हा एमिलीने आपला लग्नातला रेशमी पोषाख काढला आणि त्याच्या पट्ट्या कापून नवऱ्याच्या हाती दिल्या. विजेच्या चलित्राच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे पुष्कळ आहेत, परंतु या रेशमाचा धागाही त्यात गुंफलेला आहे.

१८३४ साली डॅव्हनपोर्टचे चलित्र फिरू लागले. त्यात दोन चुंबक स्थिर, दोन फिरते. आणि योग्य क्षणी विजेची दिशा पालटणारा दिक्परिवर्तकही होता. पुढे त्याने गोल रुळावर धावणारी एक लहानशी गाडी केली आणि गावोगाव नेऊन दाखविली. पेटंटसाठी धाडलेली पहिली प्रतिकृती १८३६ च्या डिसेंबरात पेटंट कचेरीस लागलेल्या आगीत भस्मसात झाली. त्याने दुसरी केली, आणि २५ फेब्रुवारी १८३७ रोजी त्यास पेटंट मिळाले. विजेच्या चलित्राला अमेरिकेत मिळालेले हे पहिले पेटंट. परंतु पेटंटाने पोट भरत नाही. भांडवल देणारे आले आणि गेले. १८४० साली त्याने न्यूयॉर्कमध्ये आपल्या चलित्राने छापखान्याचे यंत्र चालवून एक नियतकालिक काढले, तेही टिकले नाही. शेवटच्या दिवसांत पियानोच्या तारा विद्युच्चुंबकांनी झंकारत ठेवता येतील काय, याचा तो शोध घेत होता. १८५१ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षांत, तो वारला. त्याच्या चलित्राने त्याला काहीच दिले नाही.

असे का व्हावे? डॅव्हनपोर्टच्या कल्पनेत चूक नव्हती. चूक होती हिशेबात, आणि तो हिशेब त्या वेळी कोणालाच चुकवता येण्याजोगा नव्हता. विजेसाठी जस्ताचे घट लागत. १८३८ साली मोरिट्झ याकोबीने झारच्या मदतीने पीटर्सबर्गजवळ नेवा नदीत डझनभर माणसे बसविलेली नाव विजेवर चालविली, तेव्हा सर्व युरोपास वाटले की वाफेचे दिवस भरले. परंतु १८४१ साली इंग्लंडात जूल याने हिशेब मांडला. एक पौंड जस्त खर्चून जेवढे काम मिळते, त्याच्या चौपटीहून अधिक काम कॉर्नवॉलमधील उत्तम वाफेचे यंत्र एक पौंड कोळशात करते. आणि जस्ताची किंमत तर कोळशाच्या कितीतरी पट! या साध्या त्रैराशिकाने मोठ्या स्वप्नांची हवा काढून घेतली. तरीही अमेरिकेत चार्ल्स ग्रॅफ्टन पेज याने सरकारकडून वीस हजार डॉलर मिळवून विजेचे इंजिन बांधलेच. त्याच्या इंजिनात तारेच्या पोकळ वेटोळ्यांत लोखंडी दांडे आत ओढले जात आणि त्या ओढीने चाके फिरत. २९ एप्रिल १८५१ रोजी ते वॉशिंग्टनहून ब्लेडन्सबर्गपर्यंत गेले आणि काही काळ ताशी एकोणीस मैलांचा वेगही त्याने गाठला. परंतु वाटेतल्या हादऱ्यांनी मातीचे घट तडकले, वेटोळ्यांतून ठिणग्या उडू लागल्या, आणि गाडी कशीबशी परतली. सरकारने पुढे पैसे दिले नाहीत. मोठ्या चलित्रांना आणखी वीस वर्षे वाट पाहावी लागली. डायनामो आला, आणि १८७३ च्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनात एका ग्राम यंत्राच्या विजेने दुसरे तसेच यंत्र चलित्र म्हणून फिरविण्यात आले, तेव्हा कोठे त्यांचे दैव उघडले.

मधल्या काळात वीज स्वस्थ बसली होती असे मात्र नाही. ज्या पेजचे इंजिन फसले, त्याच्याच कल्पनांवर आधारलेली छोटी यंत्रे बोस्टनचा डॅनियल डेव्हिस हा कारागीर शाळांना आणि व्याख्यात्यांना विकत असे. त्याने १८४२ साली या विषयावर पुस्तकही काढले. आणि हेन्रीच्या घंटेचे भाईबंद तर जगभर पसरले. तारायंत्रातील जो ठोका ऐकून तारमास्तर मजकूर उतरवून घेई, तो म्हणजे विद्युच्चुंबकाने ओढलेल्या एका लोखंडी पट्टीचा ठोका. त्या पट्टीला ना गाडी ओढावयाची होती, ना गिरणी चालवावयाची. तिला हवी होती केवळ चिमूटभर ताकद, आणि तेवढी जस्ताच्या घटांना सहज परवडत होती. भारतातही पिढ्यान् पिढ्या तार-ऑफिसातील ‘कट्ट कडकट्ट’ लोकांच्या कानांवर पडत राहिली. लग्नाची आणि मृत्यूची बातमी त्याच ठोक्यांनी येई. २०१३ च्या जुलैमध्ये येथील तारसेवा बंद झाली. वाफेशी कुस्ती खेळावयास गेलेली वीज हरली. निरोप्याचे काम पत्करणारी वीज जिंकली. लहान होण्यातच तिचे पहिले यश होते.

१८७५ साली एडिसनने ‘विजेची लेखणी’ काढली. लेखणीच्या माथ्यावर एक चिमुकले चलित्र, आणि टोकाला क्षणात पन्नास वेळा खालीवर होणारी सुई. त्या सुईने कागदावर अक्षरांची छिद्रे पडत, आणि त्या छिद्रांतून शाई लोटून एका पत्राच्या अनेक प्रती काढता येत. हातात धरून वापरावयाचे, चलित्र असलेले आणि खरोखर दुकानांतून विकले गेलेले हे अगदी आरंभीचे साधन होय. पुढे १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली याने याच लेखणीवरून गोंदण्याचे यंत्र बनविले. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव सोडून, कसलीही तार न जोडता तिचे सुकाणू दुरून वळवून दाखविले. हेन्रीच्या घंटेला तारेची गरज होती. टेस्लाच्या नावेने तीही सोडली. आज खेळण्यातल्या ज्या मोटारी बिनतारी खुणांवर पळतात, त्यांची मूळ आजी ही नाव होय.

यानंतर ही विद्या हौशी माणसांच्या हाती आली. १९३७ साली अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी एक मोठे प्रतिकृती-विमान बिनतारी संदेशाने उडविले. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्या काळच्या हौशी लोकांपुढील अडचण जूलच्या हिशेबाचीच लहान आवृत्ती होती. सुकाणू वळविण्याइतके बळ विद्युच्चुंबकात आणावयाचे तर घट जड होतात, आणि घट जड झाले तर विमान उडत नाही. यावर त्यांनी काढलेली तोड मोठी चतुर होती. बळ त्यांनी पीळ दिलेल्या रबराकडून घेतले. विद्युच्चुंबकाकडे एकच काम ठेवले: रबराला अडवून धरणारी खुंटी क्षणभर सोडावी आणि पुन्हा अडवावी. घड्याळातील लंबक जसा चक्राला एकेक दाता पुढे जाऊ देतो, तसाच हा प्रकार. मोठा दरवाजा लोटण्याची ताकद नसली, तरी त्याची कडी काढण्याएवढी ताकद पुरते, ही गोष्ट लहान यंत्रे करणाऱ्याने तेव्हापासून गाठीस बांधली आहे.

लहानपणाची परीक्षा मात्र खऱ्या अर्थाने घेतली ती १९५९ साली. त्या वर्षी २९ डिसेंबरला कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे पदार्थविज्ञान परिषदेपुढे रिचर्ड फाइनमन यांचे व्याख्यान झाले. वस्तू लहान लहान करीत गेल्यास खाली अजून किती जागा शिल्लक आहे, हा त्यांचा विषय. व्याख्यानाच्या शेवटी त्यांनी आपल्या पदरचे एक हजार डॉलरांचे बक्षीस लाविले. जो कोणी एक इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या घनात, म्हणजे सुमारे चार दशांश मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीत, मावणारे आणि बाहेरून ताब्यात ठेवता येणारे विजेचे चलित्र करून दाखवील, त्यास हे मिळावयाचे. फाइनमन यांचा अंदाज असा होता की, एवढे लहान काम नेहमीच्या हत्यारांनी होणे नाही. त्यासाठी कोणालातरी नवीच रीत शोधून काढावी लागेल, आणि तीच विज्ञानाची खरी मिळकत ठरेल.

पुढील महिन्यांत अनेक जण आपापली यंत्रे घेऊन त्यांच्याकडे आले. परंतु ती पुरेशी लहान नसत. १९६० च्या नोव्हेंबरात विल्यम मॅकलेलन नावाचा एक अभियंता एक मोठी पेटी घेऊन आला. पेटी पाहून फाइनमन यांना वाटले, हाही त्यांच्यातलाच. परंतु त्या गृहस्थाने पेटी उघडून आतून सूक्ष्मदर्शक बाहेर काढला. आजवर कोणीही सूक्ष्मदर्शक आणला नव्हता! त्याखाली ठेवलेले चलित्र खरोखर फिरत होते. तेरा भागांचे, अडीचशे मायक्रोग्रॅम वजनाचे ते यंत्र मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेई. नुसत्या डोळ्यांना तो धुळीचा कण वाटावा. मॅकलेलनने ते दुपारच्या सुटीत, सुमारे अडीच महिने खपून केले होते. हत्यारे कोणती? सूक्ष्मदर्शक, घड्याळजीचा चरक आणि दात कोरण्याची काडी. नवी रीत काहीही नव्हती. जुन्याच रीतीला पराकाष्ठेच्या धीराची जोड होती.

फाइनमन यांची अपेक्षा एका अर्थी फोल ठरली. बक्षीस लाविले होते नव्या विद्येसाठी, आणि नेले जुन्या कारागिरीने. परंतु अट लिहिली होती ती मापाची, रीतीची नव्हती. त्यांनी शब्द पाळला आणि हजार डॉलर पाठविले. बरोबरच्या पत्रात त्यांनी गमतीने विनविले की, त्याच व्याख्यानात लाविलेल्या दुसऱ्या, सूक्ष्म अक्षरांच्या बक्षिसाच्या मागे आपण आता लागू नये. कारण मध्यंतरी आपले लग्न झाले आहे व घरही घेतले आहे. ते दुसरे बक्षीस पुढे १९८५ साली स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनांच्या शलाकेने पुस्तकाचे एक पान कोरून मिळविले. आणि ज्या नव्या रीतीची फाइनमन वाट पाहत होते तीही आली. १९८८ साली बर्कली येथील विद्यापीठात सिलिकनच्या चकतीवर, ठशाने कोरून, केसाच्या जाडीशी तुलना करावी असे चलित्र तयार झाले. ते चुंबकावर चालत नव्हते. आकार घटत गेला की चुंबकाची ओढ फार झपाट्याने उणावते. त्या मानाने स्थिर विद्युतभारांमधील आकर्षण टिकून राहते. म्हणून एवढ्या खाली उतरल्यावर यंत्राला आपले दैवतच बदलावे लागले.

याच काळात विजेला आणखी काही निराळे हात लाभले. फ्रान्सच्या मारियुस लाव्हे याने १९३६ साली एका ठोक्याला एकच पाऊल टाकणारे चिमुकले चलित्र योजिले होते. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आले, आणि पुढे लाव्हेच्या तऱ्हेची चलित्रे अशा असंख्य घड्याळांत बसली. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर हे निकेल आणि टिटॅनियम यांच्या मिश्रधातूवर काम करीत होते. १९६१ साली एका बैठकीत त्या धातूची दुमडलेली पट्टी हातोहात फिरत असता एका धूम्रपान करणाऱ्या अधिकाऱ्याने सहज तिला आपल्या लायटरची ज्योत लाविली. पट्टी सर्वांच्या देखत ताठ सरळ झाली! हा धातू आपला जुना आकार विसरत नाही. आता त्याच्या बारीक तारा मिळतात. वीज सोडली की तार तापून लांबीत शेकडा चारपाच भागांनी आखडते, निवली की पुन्हा ताणता येते. म्हणून हौशी लोक तिला स्नायूंची तार म्हणतात.

आज घरच्या टेबलावर लहान यंत्र करू पाहणाऱ्यापुढे ही सर्व वडिलोपार्जित संपत्ती हात जोडून उभी आहे. झटकन् ओढून घ्यावयाचे असेल, तर पेजच्या इंजिनातील तारेचे पोकळ वेटोळे. परंतु त्याची ओढ अगदी थोड्या अंतरापुरतीच जोरकस असते. अखंड फिरवावयाचे असेल, तर साधे चलित्र. मात्र ते वेगाने फिरते आणि बळाने कमी पडते, म्हणून दात्यांच्या चक्रांची माळ लावून वेगाच्या मोबदल्यात बळ विकत घ्यावे लागते. ठराविक कोनात वळवून तेथेच धरून ठेवावयाचे असेल, तर ‘सर्व्हो’. नऊ ग्रॅम वजनाच्या त्याच्या डबीत चलित्र आणि चक्रे तर असतातच. शिवाय रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागे असतो तसा एक बदलता रोध असतो. तो दांडा किती वळला हे सांगत राहतो आणि मागितलेल्या कोनाशी तो जुळेतो चलित्र फिरत राहते. हुकूमही कसा, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाचा एक ठोका आला म्हणजे एका बाजूस, दोन भागांचा आला म्हणजे दुसऱ्या बाजूस, दीड भागाचा आला म्हणजे मध्ये. २००५ साली इटलीतील इव्रेया येथे विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ नावाची स्वस्त संगणक-पाटी निघाली, आणि असे ठोके देण्याचे काम शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आले.

साधने स्वस्त झाली, परंतु जुने धडे जुने झाले नाहीत. वेटोळ्यातील वीज एकाएकी तोडली की ठिणगी उडते, हे हेन्रीने १८३२ साली नमूद केले होते. त्याच ठिणगीने आजही नवशिक्याची पाटी जळते, आणि म्हणून वेटोळ्याला आडवा डायोड जोडावा लागतो. चलित्र अडून बसले तर ते सर्वांत अधिक वीज खाते आणि तापते. फिरत असते तेव्हाच ते शहाणे असते. सेल लहान आणि काम मोठे असले, तर जूलचा हिशेब अजूनही तोच निकाल देतो. यांपैकी एकही गोष्ट बाजारातून डबीबरोबर मिळत नाही; ती हाताने करून, बिघडवून आणि पुन्हा जुळवूनच अंगी येते.

फॅरडे, स्टर्जन, हेन्री, डॅव्हनपोर्ट यांपैकी बहुतेकांनी आपली उमेदवारी कारागिराच्या दुकानात केली, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. विद्या त्यांच्या हातांतून डोक्यात गेली. मॅकलेलनचे तर शास्त्राचे शिक्षण पुरे झालेले होते, तरीही त्याला यश दिले ते घड्याळजीच्या चरकाने. हल्ली मूल मोडलेले खेळणे उघडून बसले की घरची माणसे रागावतात, किंवा नवे आणून देतात. त्या मोडक्या खेळण्याच्या पोटात तांब्याच्या तारेचा एक इवला गुंडा असतो. तारेवर रोगणाचा पातळ थर असतो, आणि स्टर्जनच्या कांबीवरील रोगण आणि एमिली डॅव्हनपोर्टच्या लग्नातील रेशीम ज्या कामी आले, तेच काम तो करीत असतो. मुलाने तो गुंडा जपून उलगडला, वेढे मोजले आणि पुन्हा गुंडाळून पाहिले, तर खेळणे कदाचित फिरणार नाही. परंतु ब्रँडनच्या लोहाराने पहिल्या दिवशी नेमके हेच केले होते.